एक घर, चार शाळा आणि 'श्यामची आई'

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीगणरायाला वंदन करून दोन शब्द बोलतो. वक्ता 'दोन शब्द' म्हणाला की श्रोत्यांनी मांडी नीट घालून बसावं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. तसे बसा.

मला विषय दिला आहे 'गाजलेल्या कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचे चित्रपट, मालिका'. मी साहित्याचा माणूस नव्हे. हयात गणित शिकवण्यात गेली. पण मंडळाच्या पोरांनी आग्रह धरला, "सर, तुम्ही वाचता आणि सिनेमेही बघता, तुम्हीच बोला." वाचतो हे खरं आहे. बघतो हेही खरं आहे. तेव्हा समीक्षा करणार नाही, आमच्या घराचा हिशोब तुमच्यापुढं मांडतो. तुमच्या घराचा हिशोब याहून फार वेगळा नसेल.

आमच्या घरात चार पिढ्यांच्या चार शाळा झाल्या. माझे वडील, अण्णा, निजामाच्या राज्यात शिकले. सगळं शिक्षण उर्दूत. मी भालकी तालुक्यात मराठी शाळेत शिकलो. माझा मुलगा इथं गुलबर्ग्यात कन्नड माध्यमात शिकला आणि नात इंग्रजीत शिकते आहे. घर तेच, देव्हारा तोच, जेवताना बोलायची भाषा तीच. पण पाटीवरची अक्षरं चार वेळा बदलली. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली १ नोव्हेंबरला आपले जिल्हे कर्नाटकात आले. आपण कुठं गेलो नाही, सीमाच आपल्या अंगणातून फिरत गेली. याची तक्रार मी करत नाही. कन्नडनं आपल्याला पोटाला दिलं आणि बसवेश्वरांचं कल्याण ज्या भागात आहे तिथं राहायला मिळणं हे भाग्यच आहे. पण या चार शाळांमधून एक पुस्तक आमच्या घरात कसं फिरलं, ते सांगण्यासारखं आहे. ते पुस्तक म्हणजे साने गुरुजींचं 'श्यामची आई'.

गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आश्रमातला श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी. म्हणून त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. वीस वर्षांनी, १९५३ साली, आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. सबंध देशात सर्वोत्कृष्ट ठरलेला पहिला चित्रपट मराठी होता आणि तो एका पुस्तकावरून निघाला होता, हे मुलांनो, लक्षात ठेवा.

आमचे अण्णा तेव्हा तहसील कचेरीत कारकून होते. माझ्या मामाच्या लग्नाला म्हणून आई-अण्णा सोलापूरला गेले आणि तिथं त्यांनी हा चित्रपट बघितला. मी कडेवर होतो. आई सांगायची, थिएटरात बायका रडत होत्या त्याचं तिला नवल वाटलं नाही, पण अण्णा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते त्याचं वाटलं. बाहेर पडल्यावर अण्णांनी विचारलं, "याचं पुस्तक आहे म्हणे?" आणि परत येताना ते विकत घेऊन आले.

आता गंमत अशी की अण्णांना मराठी सफाईनं वाचता येत नव्हतं. बोलणं अस्सल मराठी, पण हात आणि डोळे उर्दूचे. आई अक्कलकोटची, चौथीपर्यंत मराठी शिकलेली. ती चिडवायची, "बघा हं, डावीकडून सुरुवात करायची!" मग रोज रात्री कंदिलाच्या उजेडात आई एक पान वाचायची आणि पुढचं पान अण्णा वाचायचे. असं करत ते पुस्तक संपलं आणि अण्णा मराठी वाचायला शिकले. पुढं त्यांनी पुष्कळ वाचलं. पण मराठीची पाटी त्यांनी एका सिनेमाच्या तिकिटावर घेतली होती, असं मी म्हणतो.

म्हणून "सिनेमानं वाचन बुडवलं" असं कोणी म्हटलं की मी लगेच मान डोलवत नाही. आपल्याकडं पुस्तक आणि पडदा यांची सोयरीक फार जुनी आहे. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' काढला, तो हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर. चित्रपट तेव्हा बोलतही नव्हता! १९३७ साली प्रभातनं 'कुंकू' काढला. त्यामागं ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी होती. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी त्या लग्नाला नवरा-बायकोचं लग्न मानायलाच नकार देते, अशी ती कथा. शांताराम बापूंनी हिंदीत तोच चित्रपट 'दुनिया न माने' या नावानं केला. नावं बघा. पुस्तकाचं नाव म्हणतं, ही गोष्ट पटत नाही. हिंदी नाव म्हणतं, जगाला मान्य नाही. आणि मराठी चित्रपटाचं नाव फक्त कपाळावरच्या त्या एका ठिपक्याकडं बोट दाखवतं. सिनेमाला असं डोळ्यांना दिसणारं काहीतरी लागतं. हे त्याचं बळ आहे आणि मर्यादाही तीच आहे.

असंच दुसरं उदाहरण 'उंबरठा'चं. १९८२ साली जब्बार पटेलांनी केलेला हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला आहे. बाई घर सोडून महिलाश्रमाच्या कामाला जाते आणि परत येते तेव्हा ते घर तिचं उरलेलं नसतं. कादंबरीचं नाव तिच्या नशिबी काय आलं ते सांगतं, चित्रपटाचं नाव तिनं काय ओलांडलं ते सांगतं. स्मिता पाटील यांच्यासमोर त्यात नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कार्नाड आहेत. कन्नडमधला एवढा मोठा नाटककार मराठी कादंबरीवरच्या मराठी चित्रपटात उभा राहतो, तेव्हा आपल्यासारख्यांना बरं वाटतं. आपण रोज जे दोन भाषांत जगतो, ते पडद्यावर कोणीतरी सहज करून दाखवतं.

कन्नडकडं बघाल तर तिथं ही परंपरा आपल्याइतकीच भक्कम आहे. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरचा 'संस्कार' १९७० साली आला, भैरप्पांच्या कादंबरीवरचा 'वंशवृक्ष' त्याच्या पुढच्या वर्षी. पुट्टण्णा कणगाल यांनी त. रा. सुब्बरावांच्या तीन कादंबऱ्या एकत्र करून १९७२ साली 'नागरहावु' केला. चित्रपट तुफान चालला. पण दिग्दर्शकानं नागाची धामण केली, अशी लेखकाची तक्रार होती, ही गोष्ट कन्नड मंडळी अजून रंगवून सांगतात. आपल्याकडं अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून १९७९ साली 'सिंहासन' झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची. निळू फुल्यांचा तो पत्रकार दिगू ज्यानं बघितला तो विसरणार नाही. दोन जाड कादंबऱ्या अडीच तासांत बसवायच्या म्हणजे कितीतरी माणसं दाराबाहेर ठेवावी लागतात. गणिताच्या भाषेत सांगायचं तर ही वजाबाकी आहे. चांगला दिग्दर्शक वजाबाकी करूनही उत्तर बरोबर आणतो. पण वजा काय झालं, हे ज्यानं पुस्तक वाचलं त्यालाच कळतं.

आणि एक वजाबाकी अशी आहे की ती कोणत्याच दिग्दर्शकाला टाळता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी १९७२ साली वाचली. दुष्काळाचं वर्ष होतं. ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको. गावची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कादंबरीत माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर जातो. वस्तीला हाताशी धरून तालीम बांधतो आणि शेवटी दुष्काळ पडल्यावर वाडी ओस पडते. मी वाचत होतो माणदेशाबद्दल, पण डोळ्यांपुढं होतं आमचं गाव. कारभारी म्हणजे आमच्या शेजारचे मल्लप्पाकाका. मास्तर म्हणजे अर्थातच मी! पुढं १९९५ साली अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला. सुंदर चित्रपट. पण तो बघितल्यापासून पुस्तक उघडलं की मला पडद्यावरचीच वाडी दिसते. आमचं गाव मागं सरलं ते सरलंच. वाचणारा प्रत्येक जण आपल्या गावची बनगरवाडी वसवतो. चित्रपट सगळ्यांना मिळून एकच वाडी देतो. वाईट नाही देत, पण एकच देतो.

आता टीव्हीकडं वळू. आपल्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या काही खेड्यांत टीव्ही बंगळुरूच्याही आधी पोचला, हे आजच्या मुलांना खरं वाटणार नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहावरून खेड्यांना कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडली होती आणि कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे होते. शाळेपुढं संच मांडलेला, सगळा गाव जमिनीवर बसलेला. तो टीव्ही आपल्याशी कन्नडमध्ये बोलायचा, आणि ते योग्यच होतं. मराठी मात्र त्या पेटीत फार उशिरा आली.

त्याची एक आठवण. रणजित देसाईंची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ सालची. थोरल्या माधवराव पेशव्यांची. १९८७ साली दूरदर्शनवर तिची मालिका झाली. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. त्याच सुमारास राष्ट्रीय कार्यक्रमात शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' लागायची, आर. के. नारायण यांच्या कथांवरची. त्यातल्या मुलाचं नावही स्वामी! घरी बसून आम्हाला मालगुडीचा स्वामी दिसायचा आणि पेशव्यांचा स्वामी बघायचा तर पुण्याला अक्काकडं जावं लागायचं. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा मोजके भाग बघायला मिळाले. बाकीची मालिका मी पुस्तकातच बघितली म्हणा ना.

पण पुण्यात ती बघताना एक गोष्ट जाणवली. घरातले सगळे निजामाची फजिती झाली की खूश व्हायचे. राक्षसभुवनावर १७६३ साली माधवरावांनी निजामाचा पराभव केला, त्याचा आनंद मलाही होताच. तरी मनात येत होतं की आपण तर त्या निजामाच्या मुलखातली माणसं. आमच्या अण्णांच्या पगारावर त्याच घराण्याचा शिक्का होता. निजामअलीनं आपल्या भावाला, सलाबतजंगाला, कैदेत ठेवलं ते आपल्या बीदरच्या किल्ल्यात. पुणेकरांना ती दूरची गोष्ट, आपल्याला ती भिंत जवळची वाटते. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून केवढा गदारोळ झाला! मला वाटलं, भांडण नाचावरून झालं, पण भांडणाऱ्यांपैकी 'राऊ' किती जणांनी उघडली होती? पडद्यावरची एक चूक सापडली की आपण इतिहासाचे रखवालदार होतो. घरातलं पुस्तक मात्र कपाटात तसंच असतं.

हे दुसऱ्याला म्हणण्याआधी मी स्वतःला म्हणायला हवं. आता जरा अवघड गोष्ट सांगतो.

माझा मुलगा लहान असताना आमच्याकडं 'श्यामची आई'ची व्हिडिओ कॅसेट आणली. सगळ्यांनी बसून बघितली. तो रडला, मलाही बरं वाटलं. आईनं, म्हणजे त्याच्या अज्जीनं, कपाटातून ते जुनं पुस्तक काढलं आणि म्हणाली, "आता रोज एक पान मी वाचते, एक तू वाच." मी म्हणालो, "राहू दे आई, त्याला कन्नडचा अभ्यास आहे, परीक्षा आहे. गोष्ट तर कळलीच आहे त्याला." मी गणिताचा मास्तर. मला वाटलं, उत्तर आलं की झालं. पुस्तक परत कपाटात गेलं.

पुढं मुलगा इंजिनिअरिंगला बंगळुरूला गेला. आई त्याला दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायची. बारीक, एकाला एक लागलेलं अक्षर, अंतर्देशीय पत्राचा एकही कोपरा मोकळा नाही. तो फोनवर सांगायचा, "अज्जी, पत्र मिळालं." आई गेली. तेराव्या दिवशी रात्री मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. हातात त्या पत्रांचा गठ्ठा. एकही टाकलं नव्हतं त्यानं. म्हणाला, "बाबा, मी ही अर्धीच वाचली. तिचं अक्षर मला लागायचं नाही. कोणाला वाचायला सांगायची लाज वाटायची. तिला सांगायची त्याहून जास्त."

मंडळी, त्यात त्याची चूक नव्हती. 'श्यामची आई' डोळे भरून बघितलेला मुलगा स्वतःच्या अज्जीची पत्रं वाचू शकला नाही, आणि रोज एक पान या हिशोबानं ज्या वर्षात ते जमलं असतं, ते वर्ष मी परीक्षेच्या नावाखाली वजा केलं होतं. सिनेमानं आपलं काम चोख केलं होतं. त्यानं दार उघडून दिलं. दारात उभ्या मुलाला मीच परत बोलावलं.

म्हणून आज माझं सांगणं एवढंच आहे. आपल्याला मराठी ऐकू येते आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असं समजू नका. मालिका दिवसभर चालू असतात, मोबाइलवर सिनेमे आहेत, कानाला मराठी कमी पडत नाही. पण पुणे-मुंबईच्या मुलाला रस्त्यावरच्या पाट्या, वर्तमानपत्र, शाळा यांतून जे वाचन आपोआप मिळतं, ते आपल्या मुलांना मिळत नाही. इथं ते कोणीतरी शेजारी बसून द्यावं लागतं. त्यासाठी कादंबरीवरचा चांगला चित्रपट याहून चांगलं निमित्त नाही. गोष्ट आधी माहीत असली की वाचणाऱ्याला अर्धा डोंगर चढून झालेला असतो.

सुजय डहाके यांनी २०२३ साली 'श्यामची आई' नव्यानं केला, तोही कृष्णधवल. नातीनं तो बघितला आणि विचारलं, "अज्जा, पुस्तकात पण आई इतकी कडक आहे?" या वेळी मी परीक्षेचं नाव काढलं नाही. कपाटातून अण्णांचं पुस्तक काढलं. पानं पिवळी पडली आहेत, कडा झडतात. एक पान मी, एक पान ती. हिंदीमुळं तिला अक्षरं येतात. 'ळ' तिला मुळीच अडत नाही, कन्नडनं तो तिच्या जिभेवर सांभाळून ठेवला आहे. अडतो तो 'च'. चार-चा 'च' आणि चमचा-तला 'च' वेगळा, हे कुठंच लिहिलेलं नसतं, ते ऐकूनच शिकावं लागतं. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिपटीनं मारत बाहेर काढते, तिथं ती थांबली आणि म्हणाली, "सिनेमात मला आईचा राग आला होता. इथं श्यामच सांगतोय ना, म्हणून नाही आला." समीक्षकांनी काय लिहिलं असेल ते असो, पुस्तक आणि सिनेमा यांतला फरक मला त्या मुलीनं एका वाक्यात सांगितला.

मंडळाला माझी एक सूचना आहे. खर्चाची नाही, घाबरू नका. आपण उत्सवात एका संध्याकाळी चित्रपट दाखवतो. पुढच्या वर्षी कादंबरीवरचा दाखवूया. 'शाळा' दाखवा, मिलिंद बोकिलांची कादंबरी मुलांना आवडेल. 'बनगरवाडी' दाखवा. आणि चित्रपट सुरू होण्याआधी त्या पुस्तकाची चार पानं चार मुलांनी मोठ्यानं वाचायची. अडखळली तर अडखळू द्या, हसायचं नाही. आणि आपल्या कार्यालयातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली, जी कोणाकडं आहे हे दरवर्षी शोधावं लागतं, ती खिळ्याला टांगून ठेवा.

शेवटचं सांगतो. पुस्तक अजून अर्ध्यावर आहे. पण मागच्या महिन्यात नातीनं पणजीच्या गठ्ठ्यातली दोन पत्रं वाचली. सोबत तिचा बाप बसला होता. पत्रात फार काही नव्हतं. ज्वारीचा भाव होता, दारातल्या शेवग्याला शेंगा लागल्याचं होतं, आणि शेवटी, वेळेवर जेवतोस ना, असं विचारलं होतं. मुलानं पंचवीस वर्षांनी त्याचं उत्तर दिलं. म्हणाला, "हो."

गठ्ठ्यात अजून बरीच पत्रं आहेत. आमचं वाचन चालू आहे. तुमचंही सुरू व्हावं, एवढीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना करतो आणि थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!